काउंटरच्या दोन्ही बाजूंचे आरोग्य

महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळचे सात वाजलेले. शहरातल्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात या वेळी दृश्य सारखेच असते. सहापैकी चार बिलिंग काउंटर सुरू आणि प्रत्येकापुढे ट्रॉल्यांची रांग. अशात तूरडाळीच्या पाकिटावरचा बारकोड मशीन वाचत नाही. काउंटरवरची मुलगी पाकीट पुसते, उलटसुलट करून पाहते, शेवटी आकडे हाताने टाइप करते. रांगेतून आवाज येतो, ‘अहो, आवरा की जरा!’ समोरचे गृहस्थ कानाला फोन लावून उभे आहेत. ती दोनदा विचारते, ‘सर, पिशवी हवी आहे का?’ तिसऱ्यांदा विचारल्यावर ते वैतागून म्हणतात, ‘दिसत नाही का, फोनवर बोलतोय ते?’ मग तिच्याकडे न पाहताच मोबाइल क्यूआर कोडसमोर धरतात, पैसे गेल्याची घोषणा होते आणि ट्रॉली पुढे सरकते.

इथे भांडण झाले नाही, कोणी मॅनेजरला बोलावले नाही. घरी जाईपर्यंत त्या गृहस्थांना हा प्रसंग आठवणारही नाही. पण त्या मुलीच्या पाळीत अशी शंभर-दीडशे माणसे समोरून जात असतील आणि त्यातली वीस जरी अशी असतील, तर दिवसाअखेर तिच्या शरीरात आणि मनात काय साठते, हा प्रश्न शिष्टाचाराच्या पुस्तकातला राहत नाही. तो आरोग्याचा होतो.

सौजन्य म्हणजे वरवरची सजावट, असली तर छान, नसली तरी काही बिघडत नाही, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. विज्ञान मात्र वेगळे सांगते. माणसाच्या शरीरात ताणाचे संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, कोणत्या परिस्थितीत सर्वाधिक वाढते, याचा आढावा सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये घेतला. प्रयोगशाळेत झालेले 208 अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक उसळते, असे त्यात दिसले. एक, परिस्थिती आपल्या हातात नसणे. दुसरी, इतरांच्या नजरेत आपली किंमत ठरवली जात असल्याची जाणीव.

आता पुन्हा त्या काउंटरकडे पाहा. बारकोड खराब छापला गेला, त्यात तिचा दोष नाही. शेल्फवरची किंमत आणि संगणकातली किंमत जुळत नाही, तीही तिने ठरवलेली नाही. सर्व्हर बंद पडतो, सवलतीची मुदत कालच संपलेली असते, दोन काउंटर माणसांअभावी बंद ठेवलेले असतात. यातले काहीही तिच्या हातात नसते. आणि या साऱ्याचा जाब तिलाच विचारला जातो, तोही रांगेतल्या दहा माणसांसमोर. ताण निर्माण करण्यासाठी प्रयोगशाळेत जी परिस्थिती मुद्दाम उभी करावी लागते, ती इथे रोज आपोआप तयार होते.

एखाद्या प्रसंगाने शरीर बिघडत नाही. ताण आला की हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. अडचण होते ती पूर्ववत व्हायला उसंतच मिळत नाही तेव्हा. वारंवार येणाऱ्या ताणामुळे शरीराची जी झीज होते, तिला ब्रूस मॅकईवेन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ हे नाव दिले. गाडीचा ब्रेक एकदा जोरात दाबल्याने काही होत नाही, पण घाटात सतत दाबत राहिले तर तो तापतो आणि झिजतो. तसेच हे.

त्यात भर पडते ती हसण्याच्या सक्तीची. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून 1983 मध्ये ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. पोती उचलणारा शरीराचे श्रम विकतो, तसे ग्राहकासमोर उभा असलेला कर्मचारी आपल्या भावनांवरचा ताबा विकत असतो. आत राग आणि ओठांवर हसू, या प्रकाराला हॉकशील्ड यांनी वरवरचा अभिनय म्हटले. त्यानंतरच्या तीन दशकांतल्या संशोधनाचा आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. असा अभिनय आणि भावनिक थकवा यांचे नाते त्यातही ठळकपणे दिसले. म्हणजे ‘ग्राहक देवो भव’ अशी पाटी लावून कर्मचाऱ्याला हसायला लावणे सोपे आहे, पण त्या हसण्याचा खर्च दुकानाच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. तो कर्मचारी घरी घेऊन जातो.

उद्धटपणाने फक्त मनाला लागते असेही नाही. त्याने कामात चुकाही होतात. इस्रायलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातील 24 पथकांवर केलेला एक प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एका कृत्रिम प्रसंगात पथकांनी बाळाचे निदान आणि उपचार करायचे होते. काही पथकांना बाहेरच्या तज्ज्ञाकडून मुद्दाम उर्मट शेरे ऐकवले गेले. त्या पथकांचे निदानही घसरले आणि प्रत्यक्ष उपचारही. वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आणि परिचारिका एका तिरकस शेऱ्याने विचलित होत असतील, तर काउंटरवर ओरडून घेतल्यानंतर पुढच्या माणसाचे सुटे पैसे चुकले याचे नवल वाटायला नको. औषधाच्या दुकानात तर गोष्ट आणखी गंभीर. सारखी दिसणारी नावे आणि 50 की 500 मिलिग्रॅम हे पाहणाऱ्या माणसाचे चित्त थाऱ्यावर असणे ग्राहकाच्याच हिताचे असते.

हे झाले काउंटरच्या एका बाजूचे. दुसऱ्या बाजूचे काय?

कॅनडातील व्हँकुव्हर शहरात गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी एक साधा प्रयोग केला. कॉफीच्या दुकानात शिरणाऱ्या काही ग्राहकांना सांगितले, काम झटपट उरका, पैसे तयार ठेवा, उगाच बोलू नका. इतरांना सांगितले, कॉफी देणाऱ्याकडे पाहून हसा, दोन शब्द बोला. बाहेर आल्यावर विचारले तेव्हा, बोलून आलेल्यांना अधिक प्रसन्न वाटत होते आणि आपण या जगाशी जोडलेले आहोत ही भावनाही त्यांच्यात जास्त होती. प्रयोग लहान होता आणि परिणाम त्या क्षणापुरता मोजला होता, हे खरे. त्यावरून कोणी ‘हसा आणि निरोगी राहा’ असा नुस्खा काढू नये. पण काम लवकर उरकण्यासाठी आपण जे गाळतो, त्याला काहीच मोल नाही, हा समज मात्र त्यातून खोटा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने 2025 च्या अहवालात म्हटले आहे की, जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. एकटेपणा म्हटले की आपल्याला परदेशातले वृद्धाश्रम आठवतात. पण मुले बंगळुरूला किंवा बॉस्टनला आणि आईवडील पुण्यात, ठाण्यात, नाशकात तीन खोल्यांच्या घरात, हे चित्र आता घरोघरचे आहे. अशा काकांसाठी दूधवाला, वाणी, औषधाच्या दुकानातला दादा ही दिवसभरात बोलायला मिळणारी दोन-चार माणसे असतात. कोपऱ्यावरच्या वाण्याला काकांचा चहा कोणता ते ठाऊक असायचे. दोन दिवस दिसले नाहीत तर तो पोऱ्याला वर पाठवायचा. आता सामान दहा मिनिटांत दारात येते, पैसे फोनवरून जातात. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण सोयीबरोबर दिवसातली दोन वाक्येही गेली.

नेदरलँड्समध्ये एका सुपरमार्केट साखळीने याच गोष्टीचा विचार करून 2019 मध्ये ‘गप्पांचे काउंटर’ सुरू केले. ज्यांना घाई नाही आणि दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांनी तिथे रांग लावायची. पुढे अनेक दुकानांत ती सोय झाली. एकीकडे माणसाविना चालणारे स्वयंचलित काउंटर वाढत असताना असा खास काउंटर उघडावासा वाटला, यातच त्याची गरज दिसते.

यावर आक्षेप येतात आणि ते ऐकायला हवेत. पहिला आक्षेप घाईचा. मागे रांग असताना गप्पा कसल्या मारता? अगदी बरोबर. गर्दीच्या वेळी कॅशियरला गोष्टी सांगत उभे राहणे हे सौजन्य नव्हे, मागच्या माणसाला आणि कॅशियरलाही दिलेला त्रास आहे. पण मान वर करून पाहायला, कानावरचा फोन मिनिटभर खाली ठेवायला, पैसे किंवा कार्ड आधीच हातात तयार ठेवायला वेळ लागत नाही, उलट वाचतो. नोट काउंटरवर फेकण्याऐवजी हातात दिली तर किती सेकंद जास्त जातात?

दुसरा आक्षेप असा की, कॅशियरच उर्मट असतात. मान वर न करता ‘सुटे द्या’ म्हणणारे आणि रुपया-दोन रुपयांऐवजी चॉकलेट टेकवणारे सर्वांनी पाहिले आहेत. तक्रार करायचा हक्क ग्राहकाला आहेच. सौजन्य म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. बिलात चूक असेल तर ठामपणे सांगावी. फक्त चूक कोणाची आहे, हे आधी पाहावे. छापील किमतीचा वाद मॅनेजरशी घालायचा असतो, बारा हजारांवर राबणाऱ्या मुलीशी नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्या संस्कृतीचा. उठसूट ‘थँक यू’ म्हणायची आपली रीत नाही, असे म्हणतात. खरेच, मराठीत ‘आभारी आहे’ हे शब्द बाजारात जरा परकेच वाटतात. पण आपली रीत कोरडी कधीच नव्हती. ‘काय ताई, आज गर्दी फार?’ ‘बरं, येतो दादा’, ‘असू दे, सावकाश करा’ ही आपली आभार मानण्याची भाषाच आहे. शब्द कोणते यापेक्षा समोर माणूस आहे याची नोंद घेतली जाणे महत्त्वाचे.

मात्र सारा भार ग्राहकाच्या चांगुलपणावर टाकून चालणार नाही. आठ-नऊ तास उभ्या असलेल्या माणसाकडून प्रसन्नतेची अपेक्षा करणे हाच मुळात अन्याय आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. एका जागी उभे राहिले की हा पंप मंदावतो, रक्त शिरांमध्ये साचते, पाय सुजतात आणि पुढे शिरा फुगण्याचा धोका वाढतो. काउंटर सोडून जाता येत नाही म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच कमी पितात, लघवी रोखून धरतात. मूत्रमार्गाच्या संसर्गाला हे आमंत्रणच असते.

केरळमधील कोझिकोडच्या दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी नेमक्या याच दोन गोष्टींसाठी, बसण्यासाठी आणि स्वच्छतागृहासाठी, वर्षानुवर्षे लढा दिला. त्यानंतर 2018 मध्ये केरळने कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क दिला. तमिळनाडूने 2021 मध्ये तसेच पाऊल उचलले. जर्मनीत सुपरमार्केटचे कॅशियर बसूनच काम करतात आणि त्यामुळे रांग लांबल्याचे कोणी म्हणत नाही. टोकियोने तर ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध खास अध्यादेश केला. तो एप्रिल 2025 पासून लागू आहे. महाराष्ट्रातही प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल असावा, पाळीत पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहात जायला बदली माणूस असावा, ही मागणी ग्राहकांनी स्वतःहून करायला हरकत नाही. ग्राहकाचे म्हणणे दुकानदार लवकर ऐकतो.

तोवर करता येण्याजोगी गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. आज संध्याकाळी दूध किंवा गोळ्या आणायला जाल तेव्हा फोन खिशात असू द्या. मशीन अडले तर ‘होऊ दे सावकाश’ एवढे म्हणा. रांगेतला कोणी अंगावर ओरडला तर ‘त्यांच्या हातात नाही ते’ असे मध्ये बोला. काउंटरपलीकडच्या मुलीचा दिवस त्याने पालटेल असे नाही. पण तिच्या दिवसातल्या त्या वीस माणसांमधले एक कमी होईल.