अनुमोदनेचे मोल



अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे मणिबेली आपल्या वाचकांना नावाने तरी परिचित असेल. सरदार सरोवराच्या पाण्याने बुडालेल्या महाराष्ट्रातील गावांत त्याचे नाव पहिले. धरणाच्या फुगवट्याने या परिसरातील पाडे एकमेकांपासून तुटले आणि होडी हाच अनेकांचा रस्ता झाला.

याच परिसरातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची वार्ता २०२० साली सर्वत्र पोहोचली. संसर्गाच्या धास्तीने दूरच्या पाड्यांवरील माता बालकांना घेऊन अंगणवाडीत येईनाशा झाल्या. तेव्हा रेलूताईंनी मच्छीमाराची होडी घेतली आणि स्वतः वल्ही मारीत अठरा किलोमीटरवरील अलिगाट व दादर हे पाडे गाठण्याचा नेम धरला. बालकांचे वजन घेणे, गरोदर मातांची विचारपूस करणे, पोषण आहार पोहोचविणे, हे त्यांचे काम. वय २७. घरी स्वतःची दोन लहान मुले.

ही वार्ता आपल्याही घरांत कौतुकाने वाचली गेली. माझ्या परिचयातील एका कुटुंबात तर ती जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखविण्यात आली. सर्वांनी धन्य धन्य म्हटले. त्याच घरातील सूनबाई बँकेत रोखपाल होत्या. टाळेबंदीतही बँका उघड्या होत्या; त्यांना रोज काउंटरवर बसावेच लागे. सायंकाळी त्या उंबरठ्यावर आल्या की एकच प्रश्न होई : "लेकरांना कोणी बघायचे? आपल्याला काय कमी आहे?" रेलूताईंच्या लेकरांविषयी मात्र तो प्रश्न कोणाच्या ओठी आला नाही. मुलगाही रोज दुकान उघडीत होता. त्यालाही तो कोणी विचारला नाही. काही महिन्यांनी सूनबाईंनी राजीनामा दिला. मी त्या घरी अनेकदा गेलो, सर्व ऐकले आणि गप्प राहिलो. आयुष्यभर बँकेत काम करूनही दोन शब्द बोललो नाही, याचा सल आजही आहे.

समाजाची वृत्तीही याहून निराळी नव्हती. अंगणवाडी सेविकांना आपण करोनायोद्धा म्हटले. पण त्यांना मिळते ते मानधन, वेतन नव्हे. त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयास एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले.

आपल्या शास्त्रात कर्माचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि मनाने मान्य केलेले. तिन्हींचा बंध जीवाला लागतो. दूरच्या मातेच्या सेवेची अनुमोदना करणे सोपे, कारण तिथे आपल्या पदरचे काही जात नाही. घरातील मातेच्या कामाची अनुमोदना करायची तर आजीला नातवाचा अभ्यास घ्यावा लागतो, आजोबांना दूध तापवावे लागते आणि मुलाला दुकानातून तासभर आधी उठावे लागते. मूल्य मोजल्यावाचून रकमेची खतावणी होत नाही, हे व्यापारी कुटुंबांना मी काय सांगावे?

महामारी सरली, तो प्रश्न सरला नाही. आज सायंकाळी आपली सून किंवा लेक कामावरून परतेल तेव्हा प्रश्नाऐवजी तिच्या हाती पाण्याचा पेला द्यावा, इतकीच विनंती.