शाळेच्या दारात वडील

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जूनच्या आरंभी यंत्रचलित नौका किनाऱ्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै या काळात त्यांना मासेमारीची मनाई असते. जाळ्यांची आणि इंजिनांची डागडुजी चालू राहते. परंतु एरवी समुद्रावर असणारा बाप रात्री घरी असतो. जूनच्या मध्यास शाळा उघडतात. पहिलीत पाऊल टाकणाऱ्या मुलाला घरातील मोठ्यांची सर्वाधिक गरज असते ते नेमके हेच दिवस. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा निघाल्या की शाळेची जबाबदारी बहुधा आईवरच येते.

तो व्यवसाय या अंकाच्या वाचकांचा नव्हे, आणि त्याविषयीचे त्यांचे मतही सर्वश्रुत आहे. मात्र व्यापारी घरातील वडिलांना असे दोन महिनेही लाभत नाहीत. सकाळी उघडलेली पेढी रात्री उशिरा बंद होते, तोवर मूल झोपलेले असते. मुलाची इयत्ता विचारली असता क्षणभर अडखळणारे वडील दुर्मीळ नाहीत. शुल्क तेवढे वेळेवर भरले जाते, आणि कर्तव्य पार पडले असा समज होतो.

कायद्याची अपेक्षा याहून मोठी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व नगरपरिषदांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे. खासगी शाळांसाठी राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने शिक्षक-पालक संघ आवश्यक केला. त्याच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून प्रतिनिधी घेतले जातात, आणि शुल्कवाढीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने त्यांच्यापुढे ठेवायचा असतो. ताळेबंद वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनीच या कामासाठी नाव देऊ नये, हे नवलच.

तरीही खरा प्रश्न बैठकीचा नाही, घरातील अर्ध्या तासाचा आहे. मूल इंग्रजी माध्यमात आणि घरची भाषा मराठी, गुजराती किंवा मारवाडी. त्यामुळे ‘आपल्याला काय कळणार’ म्हणून आई-आजी मागे सरतात आणि शिकवणी लावली जाते. वास्तविक शिकवणे हे त्यांचे काम नव्हेच. पाठशाळेतून परतलेल्या मुलाची गाथा त्या जशा ऐकतात, तसाच शाळेतला धडाही ऐकावा. मग त्यात काय होते ते घरच्या भाषेत सांगायला लावावे. अर्थ न कळता वाचणारे मूल तिथेच अडखळते आणि लगेच लक्षात येते. पहिली-दुसरीत ही उणीव भरून काढणे सोपे. पाचवीत इतिहास-विज्ञानाची पुस्तकेच त्याला दुर्बोध होतात.

गणिताचे तर दुकानच पुस्तक आहे. पावकी, निमकी, दिडकी एकेकाळी गल्ल्याशेजारी पाठ होत; आता गणकयंत्र पुढे केले जाते. सव्वा किलो डाळीचा भाव मुलाला तोंडी काढू द्यावा. ग्राहक क्षणभर थांबेल, क्वचित कौतुकही करील.

राहता राहिली पालकसभा. ती बहुधा कामाच्या दिवशी सकाळी, ऐन दुकान उघडण्याच्या वेळी भरते. चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना पत्र द्यावे आणि बाजाराच्या साप्ताहिक सुटीचा दिवस मागावा. पत्र आईने लिहिले तरी चालेल. त्या दिवशी सभेला मात्र वडिलांनी जावे.