'मातृत्व' नावाचा एक फोटो

गेल्या महिन्यात एका छायाचित्र प्रदर्शनाला गेलो होतो. प्रदर्शन कुठले, संस्था कुठली हे इथे सांगत नाही, कारण माझे भांडण त्या एका संस्थेशी नाही. दालनात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक भलामोठा फोटो. बाभळीच्या शेंड्यावर काटक्यांचे घरटे, त्यात पांढऱ्या कापसासारखे पिल्लू, आणि त्याच्यावर पंख अर्धवट पसरून उभी असलेली गरुडाची मादी. चोच उघडी, डोळे थेट आपल्याकडे. खाली पाटी, 'मातृत्व'. पहिले बक्षीसही त्यालाच. लोक थांबून बघत होते, "आई ती आईच!" म्हणत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आले.

मला मात्र तिथे उभे राहवेना. तो फोटो काढला तेव्हा मी तिथे होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माणिकप्रभूंच्या दर्शनाला माणिकनगरला जाण्याची आमच्या घरची जुनी रीत. माणिकनगर हुमनाबादला लागूनच. दत्तजयंतीला तिथे फार गर्दी असते, म्हणून आम्ही गर्दी ओसरल्यावर जानेवारीत जातो. पूर्वी आमच्या गाडीत पेटी-तबला असायचा. आता मागच्या सीटवर तिपाया आणि लेन्सच्या बॅगा असतात. आमच्या कंपूतल्या चौघांना पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागला आहे, आणि हुमनाबादचा माळ त्यासाठी फार सोयीचा.

ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बीदरचा किल्ला बघितला की गोवेकराला एकदम घरच्यासारखे वाटते, कारण तो आपल्यासारख्याच जांभ्या दगडाचा आहे. बाजारात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात ऐकू येते. प्रभूंनी तरी एकाच भाषेत पदे कुठे रचली होती! गाव मागे पडले की तुरीची, हरभऱ्याची शेते आणि मधून मधून मोकळे माळ. सरकारी कागदावर अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. प्रत्यक्षात त्या पडीक जमिनीवर चंडोल असतात, पखुर्ड्या असतात, कापशी घार असते. हिवाळ्यात मध्य आशियातून, थेट कझाकस्तानच्या बाजूने, भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात. दिवसभर गवतावरून तरंगत हिंडतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर झोपतात. आणि बारा महिने तिथेच राहणारा, एखाद्या एकट्या बाभळीवर घरटे करणारा टॉनी ईगल, म्हणजे पिंगट अंगाचा गरुड. जगभर त्याची संख्या घटते आहे, म्हणून २०१८ साली त्याला धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत घातले गेले.

तर अशा एका बाभळीवरचे घरटे आम्हाला एका धनगराच्या पोराने दाखवले. त्याला आम्ही दोनशे रुपये दिले. आम्ही गाडीतून उतरलो तशी मादी उडाली. खालून नुसत्या काटक्या दिसत होत्या, म्हणून आमचा मित्र जीपच्या टपावर चढला. तिथूनही दोन फांद्या मध्ये येत होत्या. त्याच पोराने कोयत्याने त्या तोडल्या. त्याला आणखी शंभर मिळाले. मग आम्ही वाट बघत बसलो. मादी लांब विजेच्या खांबावर जाऊन बसली होती, मधूनच उठून वर घिरट्या घालत होती. दीड तास. ऊन चढले. फांद्या तोडल्यामुळे पिल्लावरची सावली गेली होती आणि ते पिल्लू तोंड वासून धापा टाकत होते. शेवटी मादी आली. ती आमच्यावर विश्वास ठेवून आली नाही. पिल्लू उन्हात मरू लागले म्हणून तिला यावेच लागले. तिने पंख पसरून सावली केली, चोच उघडून आमच्याकडे पाहिले, आणि टपावरचा कॅमेरा चालू झाला.

ज्या उघड्या चोचीकडे बघून प्रदर्शनातल्या बाईंना रडू आले, ती चोच उन्हाच्या तलखीने आणि भीतीने उघडली होती. मातृत्व होतेच हो, कोण नाही म्हणतो? पण आग कुणी लावली ते न सांगता, जळत्या घरात शिरणाऱ्या आईचा फोटो काढून बक्षीस घ्यायचे, असला तो प्रकार.

त्या पिल्लाचे पुढे काय झाले? ठाऊक नाही. बघायला आम्ही थांबलो नाही. आम्हाला संध्याकाळी भोवत्यांच्या झोपायच्या जागी पोचायचे होते! तिथे गेलो, जीप गवतात घातली, पक्षी उठले, त्यांचेही फोटो झाले. मी काय केले म्हणाल, तर थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून दिला. एक शब्द बोललो नाही. म्हणून हा लेख मित्राच्या विरुद्ध लिहिताना मी स्वतःला बाजूला काढत नाही.

आता कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे काय याची व्याख्या आहे, कलम २(१६). त्यात मारणे आहे, पकडणे आहे, आमिष दाखवणे आहे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही आहे. पुन्हा एकदा वाचा. बंदूक हातात असलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. घरट्याला उपद्रव ही शिकार. दोरीला उंदीर बांधून गरुडाला खाली उतरवणे ही शिकार. वकील मंडळी याचा काय कीस काढायचा तो काढोत, पण कायदा करणाऱ्यांना जे कळले होते ते आपल्या हौशी मंडळींना कळू नये? आणि खरे तर कळतेच. नाहीतर "आज काय शूट केलंस?" ही भाषा त्यांच्या तोंडी आली असती का! १८८२ साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्यांचे फोटो घेण्यासाठी जो कॅमेरा केला, तो दिसायला चक्क बंदूक होता, खांद्याला लावून चाप ओढायचा. कॅमेऱ्याचा आकार पुढे बदलला, वापरणाऱ्याची वृत्ती अजून तीच आहे.

माझ्या मित्राला हे सगळे फोनवर बोललो. तो चिडला. म्हणाला, "एक फोटो काडलो म्हूण कितें जालें?" मग त्याने मुद्दे मांडले. ते मुद्दे सगळेच मांडतात, म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा. सालिम अलींनी तर पक्षी मारले होते! खरे आहे. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. बीदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. त्या पाहणीत नमुने गोळा करायला बंदूक होती. पण मारलेल्या पक्ष्याची तारीख, जागा, मापे, सगळी नोंद झाली आणि ते ज्ञान छापून सर्वांना मिळाले. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. त्यांचे मित्र लोक वान थो यांनीही आडोसा बांधून घरट्यांवर फोटो काढले, कारण तेव्हाच्या लेन्सना दूरचा पक्षी सापडत नसे. आज काय अडचण आहे? २००३ साली कॅननचा ३०० डी आला आणि डिजिटल एसएलआर मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आला. २०१३ च्या शेवटी टॅमरॉनने १५०-६०० ची लेन्स बाजारात आणली. आता नोकरदार माणूस हप्त्यावर ती घेतो. लेन्स लांब झाली तर माणसाने लांब उभे राहायला हवे होते. आपण सहाशेची लेन्स घेऊनही घरट्याच्या खालीच!

दुसरा मुद्दा. फोटोंमुळे जागृती होते. होते, मी नाकारत नाही. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग धरणाजवळ अमूर ससाण्यांची जाळी लावून होणारी कत्तल कॅमेऱ्याने जगापुढे आणली, आणि २०१३ पासून त्याच गावांनी ती थांबवली. कॅमेऱ्याने केलेले याहून मोठे काम मला ठाऊक नाही. पण तिथला कॅमेरा पक्ष्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभा होता. 'मातृत्व' बघून प्रदर्शनातून बाहेर पडलेल्या किती जणांनी हुमनाबादच्या माळाची चौकशी केली? एकानेही नाही. चौकशी झाली ती एकच, "लोकेशन खंय?" पुढच्या जानेवारीत त्या बाभळीखाली तीन गाड्या उभ्या असणार, आणि जागृती झाली ती एवढीच.

तिसरा मुद्दा जरा जड आहे. माळ नांगरले जातात, पवनचक्क्या आणि सौर पाट्या येतात, विजेच्या तारांना आपटून पक्षी मरतात. मग आम्हा चार फोटोवाल्यांनाच का झोडपता? बरोबर. माळाला पडीक ठरवणाऱ्या कागदाने जेवढे नुकसान केले तेवढे कुठल्याही कॅमेऱ्याने केलेले नाही. पण म्हणूनच तर! ज्या पक्ष्याची जागा आधीच आकसली आहे, त्याच्या उरलेल्या एका झाडापाशी आपण जातो. शेतकरी नांगरतो तो पोटासाठी. आपण फांदी तोडतो ती हौसेसाठी, आणि वर स्वतःला पक्षीप्रेमी म्हणवतो. शेतकऱ्याने स्वतःला तसे कधी म्हणवले नाही. शिवाय त्या पोराला आपण काय शिकवले? की गरुडाचे घरटे दाखवले तर दोनशे मिळतात आणि फांदी तोडली तर वर शंभर. उद्या तो दुसऱ्या गाडीला हेच विकणार. त्याला दोष कसा देऊ?

हुमनाबाद लांब आहे, आपल्याला काय, असे म्हणू नका. तांबडी सुर्ला, बोंडला भागात दिवसा डोळे मिटून बसणारी फ्रॉगमाउथची जोडी कुठल्या फांदीवर आहे हे सांगणारे आणि तिच्याभोवती कोंडाळे करणारे आपल्याकडेही आहेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारे आहेत. त्या बिचाऱ्याला वाटते आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो पिल्लांचा चारा सोडून भांडायला येतो, आणि आपण म्हणतो काय पोज दिली! आपल्या सड्यांवर पहिल्या पावसाआधी टिटवी उघड्या जांभ्यावर अंडी घालते. तीही उद्या 'लोकेशन' होईल.

मग कॅमेरे फेकून द्यायचे का? मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या फोटोसाठी पक्ष्याला उडावे लागले तो फोटो शिकार समजावा. प्रदर्शने भरवणाऱ्यांनी घरट्यांचे फोटो घेऊच नयेत. काही स्पर्धांनी आणि संकेतस्थळांनी हा नियम केव्हाच केला आहे, आपल्याला जड का जावे? फोटोखाली कॅमेऱ्याचे आकडे छापता तसे किती अंतरावरून काढला आणि पक्षी उठला का, हेही छापा. दुर्मीळ पक्ष्याची जागा सांगू नका. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे ईबर्डसुद्धा नाजूक अवस्थेतल्या जातींची जागा लपवते. आणि आमिष, आवाज, कोयता हे बॅगेतून कायमचे काढा.

मराठी माणसाला पक्षी ओळखीचे झाले ते फोटोंमुळे नव्हेत. हुमनाबादहून सोलापूर काही लांब नाही. तिथे जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी उभे आयुष्य जंगलात काढून शब्दांतून आपल्याला पक्षी दिले. २०२५ साली ते गेले. त्यांची पुस्तके वाचून मी पहिल्यांदा झाडाखाली गप्प बसायला शिकलो होतो. मधल्या काळात विसरलो, एवढेच.

मित्राला मी सुचवले आहे की बक्षीस परत कर आणि कारणही लिहून दे. त्याने फोन ठेवला. आता हे वाचल्यावर तो माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. चाळीस वर्षांची मैत्री आहे, वाईट वाटते. पण त्या दिवशी हुमनाबादच्या उन्हात बोलायला हवे होते आणि मी चहा ओतत बसलो. तेव्हा गिळलेले शब्द आज लिहिले. येत्या जानेवारीत माणिकनगरला जाणार आहे. दुर्बीण नेईन, पण त्या बाभळीकडे जाणार नाही.