आमचा प्राजक्त तोडू नये

आमच्या अंगणात प्राजक्ताचे झाड आहे. आजीने माहेराहून फांदी आणून ते लावले. आता तिथे गाडीसाठी पत्र्याचे शेड करायचे आहे, म्हणून आप्पा झाड तोडणार आहेत. ते म्हणतात, "ना फळ, ना लाकूड. नुसता कचरा!" मला हे पटत नाही.

प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे फुलांचा सडा पडतो. खाली पडलेली फुले सहसा देवाला चालत नाहीत, ही चालतात. आजीचे गुडघे दुखतात, तिला देवळात जाता येत नाही. ती झाडाखाली पोतं टाकून बसते आणि फुलं वेचते. झाड तोडायचे ठरल्यापासून ती गप्पच आहे. फुलांचे केशरी देठ वाळवून उकळले की पिवळा रंग निघतो. रंगपंचमीला आम्ही तोच केला होता. मग हा कचरा कसा?

पानं पडतात हे खरे आहे. ती मी रोज झाडीन. फांद्या छाटल्या तरी प्राजक्त पुन्हा फुटतो. म्हणून फांद्या छाटाव्यात आणि शेड थोडे बाजूला घ्यावे. गाडी कुठेही लावता येते. झाडाला हलता येत नाही.

आप्पा, शाळेत आलात की हे वाचा. मग ठरवा.

– इयत्ता चौथी