हास्यक्लबाचे दार कष्टकऱ्यांसही उघडे हवे

संपादक महोदय,



हास्यक्लब हा शहरी, सुखवस्तू आणि सेवानिवृत्त मंडळींचा फावल्या वेळचा छंद असून, ज्या वऱ्हाडात कापसाचा पडलेला भाव आणि कर्जवसुलीची नोटीस यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्येच्या वार्ता वर्षानुवर्षे छापून येत आहेत, त्या वऱ्हाडात पहाटे मैदानावर जमून मोठमोठ्याने हसणे हे अनुचित होय, असे मत आमच्या अकोटातील अनेक विचारी गृहस्थांच्या तोंडून मी ऐकत आलो आहे. या मताच्या मुळाशी असलेल्या सहृदयतेविषयी मला आदर आहे. परंतु तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला सर्वथा अमान्य आहे, आणि तो का, हे सविस्तर मांडण्यास आपल्या पत्रात जागा मिळावी, ही विनंती.

हास्यक्लबांचा उगम आपल्याच महाराष्ट्रातला. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या अंधेरी भागातील लोखंडवाला वसाहतीच्या उद्यानात डॉ. मदन कटारिया या वैद्यकीय व्यावसायिकाने अवघ्या पाच माणसांना घेऊन हा उपक्रम आरंभिला. प्रारंभी मंडळी वर्तुळ करून उभी राहत आणि आळीपाळीने विनोद सांगत. पण थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, उरलेल्यांत कोणाला टोचणारे आणि ग्राम्य असे विनोद येऊ लागले, आणि सभासदांनी तक्रार केली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच वर्ज्य करून निव्वळ हास्याचा अभ्यास योजिला व योगशिक्षिका असलेल्या आपल्या पत्नीच्या साहाय्याने त्यास प्राणायामाची जोड दिली. पुढे हे लोण पुण्यात पोहोचले, आणि तेथे श्री. विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने ते उद्यानाउद्यानांतून रुजविले. १९९८ पासून जागतिक हास्यदिनही पाळला जाऊ लागला, आणि हल्ली मे महिन्याचा पहिला रविवार त्यासाठी ठरलेला आहे.

आता पहिला आक्षेप असा की, कारणावाचून हसणे हे सोंग आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा प्रकार रस्त्यावरून जाता जाता पाहिलेला असतो. वर्तुळात उभे राहून पाहावे. बोटास बोट आणि तळव्यास तळवा भिडेल अशा टाळ्या वाजवीत ‘हो हो, हा हा हा’ असा घोष होतो; दोन्ही हात आकाशाकडे नेऊन दीर्घ श्वास घेतला जातो; मग नमस्कार-हास्य, म्हणजे समोरच्यास हात जोडून त्याच्या डोळ्यांत पाहत हसणे; मग लस्सी-हास्य, म्हणजे एका काल्पनिक पेल्यातील लस्सी दुसऱ्यात ओतून ती घटाघटा पिण्याचा अभिनय. पहिली दोनतीन मिनिटे हे सारे ओढूनताणून चालते, हे मी मान्य करतो. परंतु डोळ्यांस डोळा भिडल्यावर समोरच्या माणसाचा संकोच आपल्याला दिसतो, आपला त्याला दिसतो, आणि त्या क्षणी जे हसू फुटते त्यात अभिनयाचा लवलेशही उरत नाही. या उपक्रमाचे सारे मर्म त्या क्षणात आहे, आणि तो क्षण एकट्याला आरशापुढे साधत नाही.

शास्त्रही याच दिशेने बोट दाखविते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हास्याचा दीर्घ अभ्यास करून असे नमूद केले की, मनुष्य एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या संगतीत हसतो, आणि त्यातले बरेचसे हसू विनोदावरचे नसून साध्या बोलण्याचालण्यातले असते. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी २०११ साली आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हसविणाऱ्या चित्रफिती पाहणाऱ्यांच्या हाताला गोठविलेले आवरण गुंडाळून अथवा रक्तदाबाची पट्टी आवळून वेदना सोसण्याची मर्यादा मोजली, तेव्हा मनमोकळे हसलेल्यांची ती मर्यादा वाढलेली आढळली. शरीरात वेदनाशामक एन्डॉर्फिन द्रव्ये स्रवत असावीत, असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले. मात्र हा लाभ शिष्टाचारादाखल केलेल्या स्मिताचा नव्हे. पोटातून येऊन श्वास रिकामा करणाऱ्या हास्याचा तो आहे, आणि असे हास्य समूहात अधिक सहजतेने येते.

याउलट काही उत्साही प्रचारक हास्याने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व व्याधी हटतात असे जे सांगत फिरतात, त्यांचा मी निषेध करतो. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने आपल्या कण्याच्या दुर्धर विकारात दहा मिनिटांच्या खळखळून हसण्याने दोन तासांची वेदनारहित झोप मिळाल्याचे लिहून ठेविले, आणि १९७६ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलेही; पण एका रुग्णाचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे. दहापंधरा मिनिटांच्या हास्याने खर्ची पडतात त्या दहा ते चाळीस कॅलरी. तेवढ्याने कोणाचे वजन उतरणार नाही. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, त्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून या वर्तुळात उतरूच नये. चालू असलेली गोळी बंद करण्यास सांगणारा संचालक तर ताबडतोब दूर केला पाहिजे.

आता दुसऱ्या आणि माझ्या मते अधिक गंभीर आक्षेपाकडे वळतो: दुःखी प्रांतात हसणे शोभत नाही. असे म्हणणाऱ्यांनी दसऱ्यानंतर कधी वेचणीच्या शेतात जाऊन यावे. शेतात सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली की कमरेला ओटी बांधलेल्या बाया कापसाच्या तासांतून वाकून पुढे सरकत असतात. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांची टोके ओरखडलेली असतात, मजुरी किलोवर ठरलेली असल्याने हाताला उसंत नसते, आणि तरीही एका तासातून निघालेली थट्टा दुसऱ्या तासात जाऊन अशी फुटते की बांधावरून ऐकणाऱ्यालाही हसू आवरत नाही. ते हसणे नसते तर तो दिवस त्या बायांना पेलला नसता, अशी माझी खात्री आहे. आमच्या भूमीतील सर्वांत मोठे लोकशिक्षक श्रीगाडगेबाबा, ज्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला, त्यांनीही कर्ज, दारू आणि अंधश्रद्धा यांवर कीर्तनात श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून, हजारोंना एकाच वेळी हसविले आणि त्याच हसण्यातून अंतर्मुख केले. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद येथे वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदी निबंधाची मुहूर्तमेढ रोविली. वऱ्हाडास हास्य परके आहे असे म्हणणे हा आपल्याच परंपरेचा अवमान आहे.

दुःख एकट्यास गाठते तेव्हाच ते प्राणघातक होते. कर्जबाजारी मनुष्य आधी पारावर येणे सोडतो, मग लग्नकार्यांत तोंड चुकवितो, आणि पुढे घरातल्या माणसांशीही बोलेनासा होतो. हास्यक्लबाने कोणाचे कर्ज फिटणार नाही, कापसाला रास्त भाव मिळणार नाही. ती मागणी सरकारदरबारी तितक्याच जोराने लावून धरलीच पाहिजे. परंतु रोज ठरलेल्या वेळी जेथे आपली वाट पाहिली जाते आणि चार दिवस गेलो नाही तर कोणीतरी घरी विचारपूस करण्यास येते, असे एखादे ठिकाण त्या माणसाला लाभले, तर त्याचे एकाकीपण तरी निश्चित तुटेल.

म्हणूनच माझे भांडण हास्यक्लबांशी नसून त्यांच्या आजच्या वहिवाटीशी आहे. सकाळची वेळ निवृत्तिवेतन घेणाऱ्याला सोयीची. त्याच वेळी मजूर शेताची वाट धरतो, हमाल बाजार समितीत पोहोचतो आणि गृहिणी चुलीपुढे असते. ज्यांना या वर्तुळाची सर्वाधिक गरज आहे तेच वेळापत्रकाने बाहेर राहतात. जिनिंगच्या आवारात, शाळांच्या पटांगणात, देवळाच्या सभामंडपात सायंकाळी अर्ध्या तासाचे वर्ग का भरू नयेत? लस्सीऐवजी कापूस वेचण्याचा, गासडी उचलण्याचा, काट्यावर वजन पाहण्याचा अभिनय का असू नये? वर्गणी मुळीच नसावी, आणि स्त्रियांना सोयीचे वाटल्यास त्यांचे वर्तुळ निराळे असावे.

अकोट नगर परिषदेने आपल्या अखत्यारीतील मैदाने व शाळांची आवारे सायंकाळी साडेसहा ते सातपर्यंत या कामी विनामूल्य वापरू देण्याचा ठराव येत्या वेचणीच्या हंगामापूर्वी मंजूर करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. आणि आज जी मंडळी सकाळी हसतात, त्यांच्यापैकी प्रत्येकाने आठवड्यातून दोन सायंकाळी शेजारच्या वस्तीत जाऊन नवे वर्तुळ उभे करण्यास हातभार लावावा. त्या वर्तुळांत उभे राहण्यास मी स्वतः तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, अकोट (जि. अकोला)