लाख कोंबड्यांचा पिंजरा मांडण्याआधी हातात टेप घ्या



आमच्या भागातली चार पोरं मिळून एक लाख लेअर कोंबड्यांचा ऑटोमॅटिक पिंजरा घालायच्या विचारात आहेत. खाद्य आपोआप, पाणी निप्पलला, अंडी पट्ट्यावरून एका टोकाला आणि विष्ठा दुसऱ्या पट्ट्यावरून शेडच्या बाहेर. गेल्या आठवड्यात मी पुण्याला मार्केट यार्डात, भुसार बाजारात मक्याचा नमुना घेऊन गेलो होतो. त्यातले दोघं खाद्याच्या मालाचे भाव काढायला तिथंच आलेले. "काका, तुम्ही मका पिकवता, जरा नजर टाका," म्हणून पिंजरा कंपनीचं कोटेशन माझ्या हातात दिलं. अठरा पानं होती. घरी आणून दोन रात्री वाचलं. अशी कोटेशनं सध्या बऱ्याच गावांत फिरतात, म्हणून जे दिसलं ते इथं लिहितोय.

ऑटोमॅटिक पिंजऱ्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. मजूर मिळत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको. आणि अंड्याला गिऱ्हाईक आहे. जानेवारी 2023 मध्ये पशुसंवर्धन खात्यानेच सांगितलं होतं की महाराष्ट्राला रोज सव्वादोन कोटींच्या वर अंडी लागतात आणि आपल्याकडे होतात जेमतेम एक-सव्वा कोटी. बाकीची गाडी भरून आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूतून येतात. म्हणजे पोरांचा धंद्याचा विचार चुकीचा नाही. पण त्या कोटेशनमध्ये एक आकडा असा आहे की तो बदलला तर सगळा हिशेब बदलतो, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

तो आकडा म्हणजे एका कोंबडीला किती जागा.

कोटेशनमध्ये एका कप्प्याचं माप 60 बाय 60 सेंटिमीटर आणि पक्षी 8. गुणाकार करा. 3,600 चौरस सेंटिमीटर भागिले 8, म्हणजे एका कोंबडीला 450. आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. पण केंद्र सरकारचे 2023 चे नियम आहेत, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालचे, खास अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी. त्यात एका कोंबडीला कमीत कमी 550 चौरस सेंटिमीटर जागा द्यायची आहे. जुन्या फार्मना त्यासाठी 1 जानेवारी 2030 पर्यंत मुदत दिलीय. आपली पोरं तर नवीन फार्म घालताहेत.

आता त्याच कप्प्यात 550 ने किती कोंबड्या बसतात बघा. सात ठेवल्या तर एकीला 514 येतात. नियमात बसत नाही. सहाच ठेवाव्या लागतात. म्हणजे आठाच्या जागी सहा, आणि एक लाखाचा फार्म झाला पंचाहत्तर हजाराचा. पिंजरा तेवढाच, शेड तेवढीच, मोटारी तेवढ्याच, बँकेचा हप्ता तेवढाच.

नव्वद टक्के उत्पादन धरलं तर रोजची 90,000 अंडी जाऊन 67,500 राहतात. अंड्याला पाच रुपये धरले तर रोज 1,12,500 रुपयांची विक्री कमी. आता कुणी म्हणेल की खाद्यही कमी लागेल. लागेल की. एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते, म्हणजे पंचवीस हजार पक्ष्यांचं पावणेतीन टन खाद्य वाचलं. किलोला 30 रुपये धरा, 82,500 रुपये झाले. मधले रोजचे 30,000 रुपये राहिले. हप्ता, पगार, वीज हे सगळं ज्यातून भागवायचं, त्यातलेच हे 30,000. महिन्याला नऊ लाख.

यावर उपाय आहे, आणि तो ऑर्डर देण्याआधीच होतो, नंतर नाही. कप्प्याचं माप नियमाप्रमाणे बनवून मागायचं. सात पक्ष्यांना 3,850 लागतात, तर 62 बाय साडेबासष्ट घ्या, 3,875 होतात. आठच पाहिजेत तर 60 खोली आणि साडेत्र्याहत्तर रुंदी, 4,410. मग पक्षी तितकेच ठेवायचे तर रांगेची लांबी वाढते, शेडची लांबी वाढते, लोखंड वाढतं, आणि कोटेशनचा आकडाही वाढतो. वाढू द्या. तोच खरा आकडा आहे. पोरांनी कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "हे नियम कोण बघायला येतंय?" आज नाही येणार कुणी कदाचित. पण तीच कंपनी पिंजरा पंधरा-वीस वर्षं टिकेल म्हणून सांगते. 2030 त्याच्या आतच येतं. युरोपात 1 जानेवारी 2012 पासून साधे बॅटरी पिंजरे बंदच झाले, तिथल्या लोकांनीही आधी बारा वर्षं असंच म्हटलं असेल.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, 60 सेंटिमीटरच्या खणात आठ जिवंत पक्षी दीड वर्ष. मी पोल्ट्रीवाला नाही, बैलाच्या दावणीला जागा किती ठेवायची एवढं मला कळतं.

आता खाद्य. इथं आपण शेतकरी येतो. लाख पक्ष्यांना रोज 11 टन खाद्य, त्यात मका निम्म्याच्या वर. सहा टन धरा. एकरी 25 क्विंटल मका आला तर रोज सुमारे अडीच एकराचा मका ती शेड खाणार, वर्षाला जवळजवळ नऊशे एकर. हा मका बाजार समितीत फिरून रोज विकत घेतात, की आसपासच्या गावांशी आधीच ठरवून? पोरांच्या कागदावर खाद्याला एक ओळ आहे, "बाजारभावाप्रमाणे". बाजारभाव काय करतो ते आपण पाहिलंय. इथेनॉलला मका जायला लागल्यापासून पोल्ट्रीवाले ओरडतात आणि आपल्याला जरा बरा भाव दिसला. सोयापेंडीचं उलटं. 2021 मध्ये पेंड कडाडली तेव्हा सरकारने ऑगस्टमध्ये 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. पोल्ट्रीला दिलासा मिळाला आणि सोयाबीनवाल्याच्या नव्या पिकाच्या तोंडावर भाव उतरला. एका ताटातले दोघं एकमेकांच्या विरोधात बसवले जातात ते असे.

म्हणून मला वाटतं, पिंजऱ्याच्या आधी मका साठवायचा सायलो आणि वाळवणीची सोय कागदावर यायला पाहिजे. खरिपाचा मका पावसात सापडतो, 20 टक्के ओलाव्याने येतो. तो तसाच साठवला तर बुरशी, आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन. कोंबडीचं लिव्हर खराब होतं, अंडी घटतात, आणि ऑटोमॅटिक फीडर तेच खाद्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इमानदारीने पोचवतो. जो फार्म 14 टक्क्यांच्या आतला मका वाळवून घेईल आणि त्याचा दोन पैसे जास्त दर आधी सांगेल, त्याला आमच्यासारखे शंभर जण माल घालतील. हे मी पोरांना तोंडावर सांगितलंय.

विजेबद्दल थोडक्यात. बंद शेड, मोठे पंखे आणि कूलिंग पॅड अशी जी पद्धत कोटेशनमध्ये आहे, तिच्यात एप्रिल-मेमध्ये पंखे बंद पडले तर पाहायला वेळ मिळत नाही, थोड्या वेळात पक्षी गुदमरतात. आपल्या फीडरवर दुपारी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका जनरेटरवर हा फार्म चालवू नये. दोन पाहिजेत, आपोआप सुरू होणारे, आणि आठवड्याला एकदा लोडवर चालवून बघितलेले. माझं तर मत असं की आपल्या पठारावर बाजू उघड्या असलेली, तीन मजल्यांची, पट्टेवाली शेड पहिल्यांदा बरी. पक्षी कमी बसतील, पण वीज गेली तर वारा तरी असतो. जाणकारांचं मत वेगळं असेल तर सांगावं. पाणीही मोजा. कोंबडी खाते त्याच्या दुप्पट पिते, लाखाला रोज 22,000 लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि पॅडचं पाणी वेगळं. विहिरीचा मे महिन्यातला झरा बघून ठरवा, ऑगस्टमधला नाही.

विष्ठा हा विषय कोटेशनमध्ये अर्ध्या ओळीत संपलाय, "बेल्टद्वारे शेडबाहेर". शेडबाहेर म्हणजे कुठं? लाख पक्ष्यांची रोज दहा टनांच्या आसपास ओली विष्ठा पडते. जुन्या उंच शेडमध्ये ती खाली साठायची आणि सहा महिन्यांनी निघायची. पट्ट्यावर ती दोन-तीन दिवसांनी काढावीच लागते, नाहीतर पट्टा ताणतो आणि अमोनिया डोळ्याला झोंबतो. काढून उघड्यावर ढीग घातला तर माश्या, आणि माश्या झाल्या की ग्रामसभा. पाच हजारांच्या वर पक्षी असले तर प्रदूषण मंडळाची संमती लागते, आणि केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून 500 मीटर, ओढ्या-नदीपासून 100 मीटर अंतर सांगितलंय. पोरांनी बघितलेली जागा वस्तीपासून मला तरी तेवढी लांब वाटत नाही. तीही टेपने मोजायला पाहिजे. खताला मात्र गिऱ्हाईक भरपूर आहे. ऊस, डाळिंब, द्राक्षवाले रांग लावतील, पण कुजवलेल्या खताला. ओलं कच्चं टाकलं की मुळं जळतात आणि पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. पत्र्याखाली कुजवायची जागा आणि भुसा, हे पैसे आत्ताच धरा.

रोगाचं एक सांगतो आणि मग दरावर येतो. नवापूर आठवतंय ना? फेब्रुवारी 2006 ला देशातला पहिला बर्ड फ्लू तिथं निघाला, 2021 ला परत. एकाला लागून एक फार्म, आणि नष्ट करायची वेळ आली की लाखांनी पक्षी गेले. सगळे लाख पक्षी एका छताखाली ठेवायचा आराखडा मला म्हणून पटत नाही. तीन शेड करा, अंतर ठेवा, वयाचे गट वेगळे ठेवा. तलंगा वाढवायची शेड तर पूर्ण लांब. बाजारातून परत येणारे अंड्याचे ट्रे धुतल्याशिवाय आत नकोत. माझ्या मते चोरवाटेने आजार आणणारी वस्तू तीच.

दर रोज एनईसीसी जाहीर करते. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1982 मध्ये ही समिती उभी केली, तोवर अंड्याचा भाव व्यापारीच सांगायचे. पण जाहीर दर हा सुचवलेला दर आहे, हातात पडतो तो त्यातून कापून. श्रावणात आणि नवरात्रात खाली, थंडीत वर. पोरांनी वर्षभर पाच रुपये धरलेत. मी त्यांना चार रुपये वीस पैशांनी तोच हिशेब परत मांडायला सांगितलाय. एका अंड्याला 122 ग्रॅम खाद्य, तीस रुपये किलोने 3 रुपये 66 पैसे. खाली राहिलेल्या चोपन्न पैशांत हप्ता, पगार, वीज, औषध आणि तलंगांचा खर्च बसतो का ते त्यांनी बसून बघावं. अंड्यामागे नुसते दहा पैसे उतरले तरी 90,000 अंड्यांवर रोजचे नऊ हजार जातात.

पोरांनी ऑर्डर पुढं ढकललीय, पण सोडलेली नाही. पुढच्या आठवड्यात ते दोन चालू फार्म बघायला जाणार आहेत. कंपनी दाखवते तो नवा कोरा फार्म नको, किमान तीन वर्षं पट्टा चाललेला बघा, असं मी सुचवलंय. गिअर तुटला तर सुटा भाग किती दिवसांत येतो आणि कुठून, हे तिथल्या मालकाला नाही, मोटारीला तेल घालणाऱ्या गड्याला विचारायचं. आपल्यापैकी कुणाकडे असा फार्म असेल, आणि त्यांना या पोरांना अर्धा दिवस देता येत असेल, तर मला कळवा. मका वाळवून साठवायची सोय कुणी स्वतःच्या फार्मवर केली असेल तर त्याचा खर्चही सांगा, तो मला स्वतःला पाहिजे.