दाखल्याआधीची सोय

दिव्यांग विद्यार्थ्याची आठवण महाविद्यालयाला बहुधा परीक्षेचा अर्ज भरताना होते. लेखनिक हवा का, जादा वेळ हवा का, दाखला जोडला का, एवढ्यावर विषय मिटतो. पण त्याआधी सबंध सत्रभर तो वर्गात बसलेला असतो. महाडचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय असो की पोलादपूरचे सुंदरराव मोरे महाविद्यालय, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. सत्रान्त परीक्षेला विद्यापीठाचे नियम लागू. टिपणे आधी देणे, फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचणे, अंतर्गत चाचणी तोंडी घेणे हे मात्र शिकवणाऱ्याच्याच हातात आहे. त्यासाठीही दाखल्याची वाट पाहायची, तर या भागात ती फार लांबते. जिल्हा रुग्णालय अलिबागला, महाडहून शंभर किलोमीटरच्या आसपास. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांहून आणखी दूर. अध्ययन अक्षमतेचे निदान तर एका खेपेत होतच नाही. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण ती ओळखपत्र मिळाल्यावर. ते मिळवण्याच्या खेपांना ही सवलत नाही.

कायदा इतका ताठर नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट येते ती मुख्यतः आरक्षणासारख्या लाभांसाठी. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा त्यातल्याच. अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल, जादा वेळ, लेखनिक यांविषयी बोलणाऱ्या कलम १७मधील तरतुदीत ही अट नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा परीक्षेत या ४० टक्क्यांवर बोट ठेवून विकास कुमार या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. लिहिताना हात आखडण्याचा त्यांचा विकार त्या मोजमापात बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी तो नकार चुकीचा ठरवला. देशातल्या सर्वांत चुरशीच्या परीक्षेला जे लागू होते, ते आपल्या वीस गुणांच्या चाचणीला लागू करताना कचरण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

गैरफायद्याची शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. कागद न पाहता वेळ वाढवली तर उद्या अर्धा वर्ग हात वर करेल, असे प्राध्यापक म्हणतात. करू दे. वीस मिनिटे जास्त मिळाल्याने सगळ्यांचेच गुण वाढत असतील, तर ती चाचणी समज मोजत नव्हती, हाताचा वेग मोजत होती. प्रश्न कमी करावेत आणि वेळ सर्वांनाच द्यावा. गुणपत्रिकेवर थेट परिणाम करणाऱ्या अंतिम परीक्षेत कागद मागणे रास्तच आहे, आणि तो मिळवून देण्यासाठी प्रथम वर्षाच्या प्रवेशावेळीच विद्यार्थ्याला यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या नोंदणीला बसवणे हे कार्यालयाचे काम.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन महाविद्यालयांत धावत असेल, तर त्याच्याकडून वेगळ्या टिपणांची अपेक्षा कशी करायची? हा आक्षेप खरा आहे, आणि सद्भावनेने तो सुटणार नाही. संस्थेने या कामाचे तास धरून मानधन द्यायला हवे. पण प्रत्येक सोयीला पैसा लागत नाही. वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रक समितीची एक बैठक पुरते. लेखनिकाचेही तसेच. उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे, असे केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी अशी मुले जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात सापडतात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शोधाशोध करण्याऐवजी त्यांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी तयार हवी, आणि त्या मुलांना उमेदवाराबरोबर चार-दोन वेळा सरावाला बसवायला हवे.